शून्य पाहून घ्या

शून्य पाहून घ्या, साहेब.
दिवसातून तीनशे वेळा म्हणते मी हे.
साहेब मोबाइल पाहतात,
आरशात केस पाहतात.
आकडे पळायला लागले की मग माझ्याकडे पाहतात,
जसा काही भाव मीच ठरवते
रात्री डबा खाऊन झाल्यावर.

वर्धा रोडवर आमचा पंप.
डोक्यावर पूल, पुलाच्या डोक्यावर मेट्रो.
सकाळी सहाला भाव येतो.
मालक चष्मा कपाळावर चढवून दोनदा वाचतात,
"हेडाऊबाई, कालचाच आहे,"
आणि त्यांना बरं वाटतं.
काहून, ते मला अजून कळलं नाही.

पराते सर भूगोल शिकवायचे.
एकदा हेल्मेट काढून म्हणाले,
"झिरो माइलचा दगड आपल्या गावात.
सगळ्या देशाचं अंतर इथून मोजलं म्हणे.
तेल मात्र समुद्रापासून मोजतात, चंदा,
आणि समुद्र आपल्याला कुठूनच जवळ नाही."
दोनशेचं टाकलं, वहीत लिहिलं:
तारीख, किलोमीटर, लिटर.

आधी जहाज, मग नळ, मग डेपो,
मग बोरखेडीहून रज्जाकभाईंचा टँकर.
ज्यानं ज्यानं वाहिलं त्यानं वाहण्याचे घेतले.
दिल्लीनं आपले घेतले,
मुंबईनं आपले घेतले,
मालकाच्या कमिशनच्या कोपऱ्यात
माझी चप्पल आहे, पोरीच्या रिक्षाचे पैसे आहेत.
पावतीवर हे येत नाही.
पावतीवर येतं: धन्यवाद, पुन्हा या.

खवाशाच्या नाक्यापलीकडचे पाहुणे
इकडे आले की टाकी गळ्यापर्यंत भरून घेतात.
तिकडे महाग आहे म्हणतात.
नाक्यापाशी माती तीच, सागाची झाडं तीच,
एका पाटीनं भाव बदलतो.
आमच्या गल्लीतला एकनाथ निखारे
असाच कुठं तरी स्वस्त मिळते ऐकून
साठ किलोमीटर गेला होता.
वाचवलेलं सगळं येताना जाळून आला,
वर चहा, वर भजे.

लोकांचे उपाय मला पाठ आहेत.
शंभरचं नको, एकशेदहाचं टाका.
टाकते.
भल्या पहाटे या, थंडीत पेट्रोल घट्ट असते.
या ना.
वर सेहेचाळीस डिग्री होऊन राहिले तरी
जमिनीखालच्या टाकीला मे महिना फारसा कळत नाही.

हवेचं मशीन तिकडे, भिंतीपाशी.
फुकट आहे.
फुकट म्हणूनच की काय, तिथं रांग नसते.
दुर्गेश खुर्चीवर बसून नळी हातात गुंडाळतो,
सोडतो, गुंडाळतो.
पराते सर तेवढे दर सोमवारी थांबायचे,
दोन्ही चाकं, आणि झाकणं परत लावून.
अजनीच्या सिग्नलला गाडी बंद करायचे,
मागून हॉर्न वाजले तरी.
बाजारहाट, बँक, औषधं एकाच फेरीत.
एकदा वही उघडून दाखवली मला:
लिटरला एकेचाळीस होती, अठ्ठेचाळीस झाली.
"भाव माझ्या हातात नाही," म्हणाले,
"मनगट आहे."
आणि मनगट अगदी हळू फिरवून गेले.

दिवाळीपासून आले नाहीत.
मेट्रोनं जात असतील, असं मी धरून चालते.

काल रात्री साडेअकराला एक पोरगा
स्कूटर ढकलत आला,
पाठीवर जेवणाची लाल पेटी.
चिल्लर मोजली. बेचाळीस रुपये.
शून्य पाहून घ्या, म्हटलं सवयीनं,
तर त्यानं पाहिलं.
वाकून, नीट, दोन्ही डोळ्यांनी,
आणि बेचाळीसला आकडा थांबेपर्यंत
पापणी लवली नाही त्याची.

मागचं चाक बसलं होतं.
हवा भरून जा रे, दोन मिनिटं.
"नाही ताई, ऑर्डर लेट होऊन राहिली."

गेला.
त्या बेचाळिसातले दोन-तीन रुपये
नरेंद्रनगर येईपर्यंत
तो रस्त्यालाच देणार होता.
दुर्गेश नळी गुंडाळत होता.
मशीनवर अजून बेचाळीसच दिसत होते,
पुढचं गिऱ्हाईक येईपर्यंत.